हिरवा दिवा आणि आबांची डायरी

"ढकल की रे! जेवताना बरा जोर असतो तुझ्यात," राजनंदिनी मागे वळून म्हणाली.

"सायकल आहे की म्हैस? आणि म्हशीलाही कुणी चढावर ढकलत नाही!" शंभूराज धापा टाकत म्हणाला.

पुढे आबा एका हाताने हँडल धरून, डाव्या पायाने लंगडत, पण छाती काढून चालले होते. घड्याळात पावणेसहा झाले होते आणि सहाच्या ठोक्याला त्यांना वडूजजवळच्या मैदानावर पोचायचं होतं. उशीर हा शब्द आबांच्या शब्दकोशात नव्हता. कुणी त्यांच्यासमोर तो उच्चारलाच, तर आबा त्याच्याकडे असे बघत की पुन्हा त्याची छाती होत नसे.

आबा म्हणजे सुभेदार जोतिबा. चोवीस वर्षं फौजेत काढून गावी आले, आणि आल्याबरोबर आसपासच्या पोरापोरींना भरतीसाठी तयार करायला लागले. सकाळी पळणं, मग कडुलिंबाखाली लेखी परीक्षेचा अभ्यास. एक पैसाही घेत नसत. पण गुडघ्याने दगा दिला, तेव्हा पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने, लालासाहेबमामाने, संक्रांतीला ही बॅटरीची सायकल आणून दिली. होळीपर्यंत ती वाऱ्यासारखी पळाली. पाडव्यानंतर मात्र तिचं काहीतरी बिनसलं. एखाद्या दिवशी पळायची, एरवी याच चढावर मान टाकायची.

मलकापूरची नात राजनंदिनी आणि पुण्याहून आलेला मामाचा शंभूराज, दोघं सुट्टीला आले आणि त्यांच्या वाट्याला हे ढकलणं आलं.

त्या दुपारी मामाचा फोन आला. आबांनी फोन कानाला लावला तरी मामाचा आवाज ओसरीभर ऐकू येत होता. "आबा, पप्पू काय म्हणाला?"

पप्पूचं वडूजला सायकलचं दुकान होतं. "त्यो म्हणतोय बॅटरी गेली. नवीच टाका म्हणतोय."

"नवी टाकून पुन्हा बंद पडली तर? आडरानात पडलात-बिडलात तर कोण बघणार? मी रविवारी येतो आणि सायकल घेऊन जातो. पुरे झालं मैदान. घरी आराम करा."

आबांनी फोन ठेवला आणि ताटावर बसले. अर्धी भाकरी तशीच राहिली. "आवं, खावा की," आजी म्हणाली, तरी ते उठले. आबांना घरी बसवणं म्हणजे त्यांना शिक्षाच होती, आणि गुन्हा तर त्यांनी काहीच केला नव्हता.

"शंभ्या, आज शुक्रवार," राजनंदिनी हळूच म्हणाली. "आपल्याकडे दीड दिवस आहे."

"कशाला?"

"चोर शोधायला. बॅटरीतली वीज कुठं जाते ते बघायचं."

आधी त्यांनी प्लग तपासला. टेबलफॅन लावला तर तो गरागरा फिरला. मग अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या सायकलीला चार्जर जोडला. चार्जरवर हिरवा दिवा लागला.

"हिरवा म्हणजे फुल," शंभूराज म्हणाला. "झालं की!"

"फुल असती तर सकाळी तू म्हैस म्हैस करत ढकललं असतंस का?"

शंभूराजने डोकं खाजवलं. "म्हणजे दिवा खोटं बोलतो."

"किंवा त्याचं बोलणं आपल्याला कळत नाही."

बाकी काही सुचेना, तेव्हा राजनंदिनीने आबांची डायरी मागितली. आबा रोजचं सगळं डायरीत लिहीत: किती वाजता उठलो, कोण किती पळालं, केव्हा परतलो. दोघं ओसरीवर पोटावर झोपून पानं उलटायला लागली.

"'सोमवार. बारा वाजता परत. तत्काळ चार्जिंग. एक वाजता दिवा हिरवा, काढली,'" शंभूराजने वाचलं. "'मंगळवार. चढावर बंद.' सगळं असंच आहे गं."

"सगळं नाही. हे बघ. 'हरिबाच्या नातीचं लग्न. रात्री आठला परत. तत्काळ चार्जिंग.' आणि दुसऱ्या दिवशी?"

"'सायकल उत्तम.'"

"आणि हे बघ, 'दिवसभर आभाळ, गार वारा.' दुसऱ्या दिवशी पुन्हा उत्तम!"

राजनंदिनी उठून शेडकडे धावली. पत्रा तापून नुसता रटरटत होता. तिने बॅटरीच्या काळ्या डब्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. शंभूराजने आजीचा ताप बघायचा थर्मामीटर आणून टेकवला, तर त्याने आकडा दाखवायचंच नाकारलं.

"आठवतंय तुला?" राजनंदिनी म्हणाली. "मागे बाबांचा फोन गाडीत उन्हात राहिला होता. चार्जिंगला लावला तर पडद्यावर आलं, 'फोन गरम आहे, चार्जिंग थांबवलं.' ही पण तसंच करते! सकाळभर मैदानावर उन्हात, मग या शेडमध्ये. तापलेली बॅटरी स्वतःला वाचवायला वीज घेतच नाही. आणि वीज जात नसली की चार्जरचा दिवा हिरवाच राहतो."

"मग हे आबांना सांगायचं कोणी?" शंभूराज म्हणाला. "मी नाही. तू थोरली आहेस."

कारण आबांचं 'तत्काळ' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! कामावरून आलं की आधी हत्यार पुसायचं, मग पाणी प्यायचं, हे ते फौजेत शिकले होते. सायकलही त्यांच्या लेखी हत्यारच होती.

शनिवारी बाराच्या ठोक्याला आबा घामाघूम होऊन सायकल ढकलत आले आणि त्यांनी चार्जर उचलला. राजनंदिनी आडवी उभी राहिली.

"आबा, एक विचारू? मैदानावरून पळून आलेल्या पोराला तुम्ही लगेच जेवायला वाढता का?"

"खुळी का काय तू? धाप न्हाई का उतरू द्यायची आधी? तसंच खाल्लं तर पोटात ऱ्हाईल व्हय?"

"मग बॅटरीचीही धाप उतरू द्या की."

आबांनी चार्जर खाली ठेवला. तिने सगळं सांगितलं, डायरीतली पानं दाखवली. आबांनी स्वतःचंच अक्षर चष्मा लावून दोनदा वाचलं. मग किल्ली फिरवून बॅटरी काढली आणि माजघरातल्या गार फरशीवर नेऊन ठेवली.

दोन तास आबांना धड बसवेना. "वाजलं का दोन?" त्यांनी पाच वेळा विचारलं. दोन वाजता शंभूराजने चार्जर जोडला. दिवा लाल झाला.

"लाल!" तो ओरडला. "आजी, लाल लागला!"

सहाच्या सुमारास दिवा हिरवा झाला. आबांनी तो बराच वेळ न्याहाळला.

रविवारी पहाटेच मामा गाडी घेऊन हजर झाला. सायकल सुटी करून गाडीवर बांधायला वाटेत पप्पूलाही उचललं होतं. आबा आधीच सायकलीवर बसले होते. "मागनं या," एवढंच म्हणून ते निघाले. चढ आला. गाडीत पोरांनी श्वास रोखला. आबा चढावर आले, ताठ मानेने वर गेले आणि पलीकडे दिसेनासे झाले.

"अरे, थांबतायत कुठं!" मामा गाडी दामटत म्हणाला.

मैदानावर पोचेपर्यंत पोरांनी त्याला सारी हकिकत सांगितली. पप्पूने मान खाली घातली. "चुकलं दादा. मी बॅटरीला मीटर लावून बघितलंच न्हाई. नुसतं ऐकूनच बॅटरी गेली म्हटलं."

"मी तरी काय केलं?" मामा म्हणाला. "फोनवरच निकाल दिला." त्याने दोघांच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास. सायकल इथंच राहील. आणि मैदानावर एक छप्परही घालून देतो, तिला सावली हवी ना?"

आबांनी भरतीच्या पोरांना रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "चूक माजी व्हती. ती या दोघांनी काढली." मग टाचा जुळवून त्यांनी नातवंडांना कडक सलाम ठोकला. शंभूराजने उलट्याच हाताने सलाम केला, तरी कुणी हसलं नाही. राजनंदिनीच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं.

त्या दुपारी तिने ओसरीवर उघडी पडलेली डायरी पाहिली. शाई अजून ओली होती. आबा माजघरात, फरशीवरच्या बॅटरीशेजारी, उशाला हात घेऊन गाढ झोपले होते.

डायरीत लिहिलं होतं: 'रविवार. बारा वाजता परत. बॅटरी दोनपर्यंत विश्रांतीला. मीसुद्धा.'