सरांच्या लॉनवरचा दुसरा खराटा

मोतीलाल सरांच्या खुर्चीवर खाजकुयली मीच टाकली होती, मान्य. म्हणून तर त्यांनी माझं दहावीचं हॉल तिकीट दाबून ठेवलं. परवा मराठीचा पेपर, आणि सर म्हणाले, "मी धुळ्याला मीटिंगला चाललो. रात्री गाडीने येईन. माझं लॉन साफ दिसलं तर तिकीट. एक पान दिसलं तर पुढच्या वर्षी भेटू."

लॉन म्हणजे काय, सरांच्या घरापुढे दहा-बारा खाटा मावतील एवढं गवत. अख्ख्या अमळनेरात गवताचे एवढे लाड कोणी केले नसतील. वर भला मोठा निंब, आणि महिना मार्च. इकडे झाडा, तोवर तिकडे पुन्हा पिवळं.

मी वनाला सोबत नेलं. वना माझा दोस्त, कामाला बैल आणि भुताला ससा. दुपारी आम्ही आधी निंबाखाली मस्त झोप काढली. उठलो तर ऊन भिंतीवर चढलेलं.

सरांची थोरली बहीण, झुंबरअक्का, ओट्यावर वाती वळत बसलेली.

"झाडी ले रे भो. दिवा लागना का खराटा ठेवी दे."

दिवेलागणीनंतर झाडलं की लक्ष्मी जाते, हे तुम्हाला काय सांगायचं. अक्का तर खराट्याला हात लावू देत नाही. मग मी काय केलं, पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि देवळीतली काडीपेटी खिशात घातली. काडी नाही तर दिवा नाही, दिवा नाही तर झाडायला मोकळीक.

अंधार पडला. लाईट गेलेलीच होती. वना टोपलं घेऊन उकिरड्यावर गेला. आत अक्का डबे हलवत होती, "काडीपेटी कोठे गई माय…"

मी झाडत होतो. खर्र… खर्र…

निंबाखालूनही आवाज आला. खर्र… खर्र…

"लवकर आलास रे वना."

मी थांबलो, तिकडेही थांबलं. मी एकदा ओढला, तिकडे एकदा ओढला. कडू, ओला वास आला. आडात पडलेला पाला कुजतो ना, तसा.

मला वाटलं वना माझीच मजा घेतोय. म्हणून मी साहेब झालो.

"नळाकडचं राहिलं बघ."

आवाज नळाकडे सरकला.

"पायरीखालचं पण घे."

घेतलं. इतका ऐकणारा वना मी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात फाटक वाजलं. फाटकात वना, रिकामं टोपलं डोक्यावर.

"कोणाशी बोलतोय रे…?"

पायरीखाली खराटा चालूच होता.

मी ओट्यापुढच्या तुळशीकडे पळालो. चार काड्या तुटल्या, पाचवी पेटली. वात लावली. आवाज बंद. लॉन असं स्वच्छ की वर पंगत बसवावी, पाला सगळा फाटकाबाहेर. खराटा आमच्याकडे एकच, तो माझ्या काखेत.

अक्का दारात आली. माझ्या हातातली काडीपेटी पाहिली, मग पायरीकडे पाहिलं. शिव्या दिल्या नाहीत, तेव्हाच मला घाम फुटला.

"त्याले काम कोनी सांगं?"

"मी… म्हणजे वनाला वाटून…"

"मंग आते तो तुना. ईस वरीस झायात, मी त्यानासंगे एक शब्द काढा नही."

"तुझा झाला तो. अभिनंदन," वना म्हणाला, आणि टोपलं टाकून जो पळाला तो थेट घरी.

सर आले. बॅटरी मारून कानाकोपरा पाहिला.

"कोणाकडून करून घेतलंस?"

"मीच, सर."

"शाबास," म्हणाले, आणि तिकीट दिलं. पहिलीपासून पहिली शाबासकी, तीही अशी.

तिकीट खिशात घालून मी शीळ घालत निघालो. शीळ जरा फाटत होती, पण घालत होतो. गल्ली धुळीची, वर चांदणं. धुळीवर खराट्याचे ताजे फराटे दिसले. माझ्या पुढे पुढे चाललेले. आमच्या वळणावर वळलेले. आमच्या ओट्यावर चढलेले.

आई भाकरी थापत होती. तिने वरही पाहिलं नाही.

"आज देव पावला म्हणायचा. आल्या आल्या स्वतःचं अंथरूण झाडून घातलंस. परत कुठे उंडारायला गेला होतास?"

मी आत डोकावलो. अंथरूण सरळ, एक सुरकुती नाही. उशा मात्र दोन होत्या. माझी भिंतीकडे सरकवलेली.