नेमावरला दिलेला दिवा

गच्चीवर गारठा आहे, ती शाल पायांवर घ्या. आणि अनीश, तो मोबाईल उलटा ठेव, डोळ्यांवर उजेड येतो. गोष्ट सांगा म्हणालात ना, मग सांगतो. पण ही कुठे वाचलेली नाही. आपल्या भास्कररावांची आहे, मागच्या गल्लीतल्या. तुम्ही नमस्कार करता आणि ते बघतच नाहीत, म्हणून चिऊ त्यांना खडूस म्हणते. खडूस नाहीत ते. ऐका.

त्यांचा अजेय तुम्हाला आठवत असेल. एकुलता एक. आई लहानपणीच गेली, भास्कररावांच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, त्याला वाढवलं. पोराला एकच वेड होतं, इटालियन मोटरसायकलचं. गुझी म्हणतात तिला. जुनी, लाल, आणि इंजिनाच्या एका बाजूला उघडं फिरणारं मोठं लोखंडी चाक. धारला एका जुन्या दरबारी घराच्या तबेल्यात तिचा नुसता सांगाडा सापडला होता. बाकीची गाडी पठ्ठ्याने गावोगाव हिंडून गोळा केली. ते लोखंडी चाक धरमपुरीला उसाच्या रसाच्या चरखीवर फिरत होतं. टाकी सोनकच्छच्या मंडीत निघाली, एक आडत्या तिच्यात घासलेट ठेवायचा. हेडलाइट मात्र इटलीतल्या कुणा म्हाताऱ्याने पोस्टाने पाठवला. मेकॅनिक म्हणायचा, भिया, बुलेटचा ठोकून देतो, कोण बघतंय? अजेयचं ठरलेलं उत्तर असायचं, असली, म्हणजे मूळ कंपनीचाच, मिळेल तर लावू, नाहीतर भोक राहू दे.

गाडी पुरी झाली आणि त्याच हिवाळ्यात सोनकच्छच्या रस्त्यावर सोयाबीनची एक ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नाही, काही नाही. अजेय जागच्या जागी गेला. गाडीचं पुढचं चाक मुडपलं, टाकी चेपली. हेडलाइटच्या काचेला ओरखडासुद्धा नव्हता.

दिवस नेमावरला केले, नर्मदेवर. आता आपल्याकडे काय देतात, माहीत आहे ना? गेलेल्याची वाट लांब असते, अंधारी असते. म्हणून छत्री देतात, वहाणा देतात, पाण्याचं भांडं देतात आणि दिवा देतात. गुरुजींनी पितळी दिवा आणायला सांगितला होता. अक्का म्हणाल्या, त्याला पितळी दिव्याचं काय कळणार? त्याच्या हाताने लावलेला दिवा द्या, तो त्याला ओळखता येईल. म्हणून तो हेडलाइट गुरुजींना दिला. भास्कररावांनीच पाणी सोडलं त्यावर.

ते रडले नाहीत. तेव्हा नाही, नंतरही नाही. लोक भेटायला यायचे, हे चहा विचारायचे. कुणी अजेयचं नाव काढलं की हो म्हणायचे. त्यांना खरोखरच काही वाटत नव्हतं, आणि या गोष्टीची त्यांना मनातून भीती वाटायची. आपण बाप होतो की नव्हतो, असं ते एकदा मला म्हणाले. मग एक दिवस त्यांनी गाडीवरचं फडकं काढलं. पोराने जशी केली होती तशी परत करायची. त्या गाडीवर बसलो तर काहीतरी वाटेल, एवढीच त्यांची आशा. ज्या माणसाने घरात कधी खिळा ठोकला नाही, तो पार धरमपुरीपासून चाकाच्या आऱ्या शोधत हिंडला. दीड वर्ष गेलं. सगळं जमलं. दिवा राहिला.

मेकॅनिक म्हणाला, साब, तसाच नवा मागवता येतो. भास्करराव म्हणाले, नको, असली पाहिजे. बोलला कोण, बाप की लेक, त्यांनाच कळलं नाही. अक्का आडव्या आल्या. "दान परत आणायचं नसतं रे भास्करा. वाटेतल्या माणसाचा दिवा आहे तो." त्यांनी ऐकलं नाही. ऐकू आलं, पण आत काही पोचलं नाही.

मागच्या वर्षीची मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी. अमावास्येचा आदला दिवस. दुपारी ते गाडी घेऊन इथून, देवासहून, निघाले आणि दिवेलागणीला नेमावरला पोचले. गुरुजींनी तो दिवा बॅटरीवर जोडून घाटाकडच्या खिडकीत ठेवला होता, रोज संध्याकाळी लावायचे. त्यांनी भांडण केलं नाही. एवढंच म्हणाले, उदक सोडलेली वस्तू आहे, ती माझी नाही आणि तुमचीही नाही. भास्कररावांनी तारा सोडवल्या. गाडीला दिवा बसवला. लागला. लख्ख लागला.

परतीच्या वाटेवर खातेगाव गेलं. कन्नोद गेलं. पुढे सागाचं जंगल. थंडी होती, रस्ता मोकळा होता, इंजिन संथ चाललं होतं. भास्करराव वाट बघत होते, आता काहीतरी वाटेल म्हणून. काहीच वाटलं नाही. हात गार पडले होते, तेवढंच.

मग उजेडात कुणीतरी दिसलं.

रस्त्याच्या कडेने चालत होतं. देवासकडे तोंड करून. पाठमोरं.

चालणं विचित्र होतं. हात पुढे केलेले. पाऊल टाकायचं, थांबायचं, चाचपायचं. रात्री घरातले दिवे गेल्यावर आपण चालतो ना... तसं.

भास्कररावांनी गाडी हळू केली. दिव्याचा सगळा झोत त्याच्या पाठीवर. शर्टाच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

तो शर्ट त्यांनी ओळखला.

ते बाजूला आले. थांबले. झोत आता पुढच्या सागांवर होता. इंजिन चालूच. तोही थांबला होता. त्याने मान वळवली... पण गाडीकडे नाही. भलतीकडेच. आवाज कुठून येतोय ते कळत नसल्यासारखी.

भास्कररावांनी हँडल फिरवलं. उजेड त्याच्या तोंडावर पडला. डोळे उघडे होते. मिटले नाहीत. पापणीही लवली नाही.

"बाबा," तो म्हणाला, "लाइट गेली का हो?"

घरात विचारतात तसं. साध्या आवाजात. रागावून नाही, घाबरून नाही.

...

 आणि तेव्हा, इतक्या दिवसांनी, भास्कररावांच्या छातीत काहीतरी तुटलं. त्यांना वाटलं. सगळं एकदम वाटलं. गाडीवर बसल्या बसल्या ते लहान मुलासारखे रडले. मग त्यांनी बापाने म्हणावं तसं म्हटलं, "थांब इथेच. आणतो मी."

गाडी परत नेमावरकडे वळवली. मागे बघितलं नाही. बघायला मागे उजेडही नव्हता.

गुरुजींनी दार उघडलं. अंगावरच्या कपड्यांनिशी दोघे घाटावर उतरले. दिवा गाडीवरून काढला, परत पाणी सोडलं. दुसऱ्यांदा पोरगा दिला, असं भास्करराव म्हणतात.  बिनदिव्याच्या गाडीने रात्री निघणं शक्य नव्हतं, म्हणून ते पायरीवर बसून राहिले, गुरुजींनी खिडकीत परत लावलेल्या त्या दिव्याकडे बघत. उजाडल्यावर निघाले. जंगलातून येताना रस्त्याच्या दोन्ही बाजू बघत आले. कुणी नव्हतं.

घरी पोचले तेव्हा अक्का ओट्यावर बसल्या होत्या. आंघोळ नाही, चहा नाही. त्यांनी विचारलं, रात्री आलास आणि परत कुठे गेलास? भास्करराव म्हणाले, मी आत्ता येतोय.

 मग अक्कांनी सांगितलं. रात्री फाटक वाजलं होतं. कुणीतरी सावकाश आत आलं. फार सावकाश. त्यांनी अंथरुणातूनच विचारलं, आलास का रे? उत्तर आलं, हो. त्या कूस बदलून झोपल्या.

मग त्यांनी भिंत दाखवली.

फाटकापासून ओट्यापर्यंत, ओट्यावरून बोळात, बोळातून अजेयच्या खोलीच्या दारापर्यंत. छातीच्या उंचीवर. हाताचे पंजे. धुळीचे, एकापुढे एक. बोटं सगळी आतल्या दिशेला.

मीही पाहिले ते. घर तुमच्या ओळखीचं आहे, बोळ एकच आहे. आत जायचं तर तीच भिंत, बाहेर यायचं तरी तीच.

आत जाणारे पंजे आहेत. बाहेर येणारा एकही नाही.

भास्करराव म्हणतात, घरातून निघेपर्यंत त्याला दिवा मिळाला होता, दिसत होतं, भिंत कशाला धरेल? अक्का त्यावर हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. पण झोपायच्या आधी त्या दोन ताटं झाकून ठेवतात, एक भास्कररावांचं आणि... असो. चिऊ, तू झोपलीस का गं?