तिसऱ्याचं मोठं माणूस कोण?

शिट्टी वाजली, पण ती आपल्यासाठी आहे हे स्वरदाच्या गावीही नव्हतं.

ती पोहण्याच्या तलावाकाठच्या बाकावर मजेत बसली होती. मांडीवर पर्स, शेजारी डबा आणि समोर उथळ पाण्यात बहिणीची तीन पोरं – सात वर्षांची शाल्मली आणि पाच वर्षांचे जुळे, सोहम नि शंतनू. हिमानीताई आणि तिचा नवरा दोघंही वाळूजला कंपनीत, पोरांना उन्हाळ्याची सुट्टी, तेव्हा सकाळची वरात मावशीच्या गळ्यात. शिट्टी पुन्हा वाजली. मग लाल टी-शर्टातला एक उंच, सावळा तरुण थेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"या तिघांचं मोठं माणूस कोण?"

"मी. का?"

"तुमी बाकावर अन् पोरं पाण्यात. नाय चालत मॅडम. मोठं माणूस पाण्यात पाहिजे. हाताच्या अंतरावर."

"माझं लक्ष आहे की त्यांच्याकडे!"

"लक्षाला हात नसतेत, मॅडम."

स्वरदानं चमकून वर पाहिलं. बोलणं उद्धट म्हणावं तर आवाज मऊ होता. आणि डोळे... डोळे तिच्याकडे नव्हतेच. तिच्याशी बोलतानाही ते पाण्यातल्या पोरांवर होते. देखण्या माणसानं आपल्याशी बोलावं आणि आपल्याकडे ढुंकूनही बघू नये, म्हणजे काय! तिला भारी राग आला.

"अन् आठ वर्षांखालची दोनच पोरं एका माणसामागं. तुमच्याकडं तीन हायेत."

"मग तिसऱ्याचं काय करू? कुंडीत लावू?"

त्याच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. तेवढ्यात शंतनूनं चड्डीच्या खिशातून हिरवागार साबण काढला आणि सगळ्या तलावाला ऐकू जाईल असं विचारलं, "मावशी, आधी डोकं धुवू की पाय?"

आता यात पोराचा काय दोष? दुष्काळाचं वर्ष. धरणानं तळ गाठलेला, शहर मात्र चहूबाजूंनी वाढत सुटलेलं, आणि नळाला आठवडा उलटला तरी पाणी यायचं नाही. 'आज भरपूर पाण्यात जायचं' असं मावशी म्हणाली, पोरानं त्याचा सरळ अर्थ लावला. स्वरदाला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तो हसला नाही. नुसता अर्धवट वळून उभा राहिला, पण त्याचे खांदे गदागदा हलत होते.

"हसा हो, मोकळेपणानं हसा," स्वरदा फणकारली.

"नाय, नाय मॅडम... आमच्या खोलीवर बी नळाची हीच गत. पण साबण तेवढा इकडं द्या."

त्याचं नाव इंद्रजीत. बिडकीनचा, घरी शेती, आणि इथं तलावावर जीवरक्षक. हे सगळं स्वरदानं कुणाला विचारलं नव्हतं. सहज कानावर आलं, असं ती हिमानीताईला म्हणाली.

तिसऱ्या पोराचा पेच आप्पासाहेबांनी सोडवला. वैजापूरच्या तहसील कचेरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ रोज सकाळी उताणे पडून निवांत तरंगायचे. "एक पोरगं इकडं द्या," ते म्हणाले, "मी रिकामाच हाय." तरी इंद्रजीतनं त्यांना पाण्यातून उभं केलं, शंतनूकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणायला लावलं, "याचं मोठं माणूस मी." तो प्रत्येकालाच असं म्हणायला लावायचा. आई असो, आजोबा असो, बोट दाखवल्याशिवाय पोराचा पाय पाण्याला लागायचा नाही.

स्वरदानं गुलमंडीच्या बाजारातून पोहण्याचा अंगभर पोशाख आणला. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती नकाशे काढायची. शहराबाहेरच्या नव्या नव्या सोसायट्यांच्या नकाशांत तिनं कितीतरी निळे तलाव रंगवले होते, पण खऱ्या तलावात उतरायची ही पहिलीच वेळ. पोहण्याच्या नावानं शून्य! कमरेभर पाण्यात दोन हातांत दोन पोरं धरून ती उभी राहायची आणि काठावरून तो सांगायचा – "पोटाखाली हात ठेवा... हां... आता हळूच ढिल्ला सोडा..." पोरं शिकत होती. आणि मावशी? मावशीला सकाळी गजराच्या आधी जाग यायला लागली होती. आरशासमोर पोहायची टोपी घालायला इतका वेळ का लागतो, हे शाल्मलीनं विचारूनही झालं होतं.

एकदा दोन आखूड शिट्ट्या वाजल्या.

"मॅडम, पोरांकडं बघा."

"बघतेच आहे."

"नाय. तुमी इकडं बघत होता."

"अस्सं? आणि ते तुम्हाला कसं दिसलं? म्हणजे तुम्हीपण –"

तो कानापर्यंत लाल झाला. सावळा माणूस लाल झालेला ओळखू येतो, हे स्वरदाला त्या दिवशी कळलं आणि दिवसभर ऑफिसात तिच्या रेघा वाकड्या येत राहिल्या. प्रेमात पडल्याची याहून वेगळी खूण ती काय असते?

मग तलावाच्या दारावर सूचना लागली. पाणीटंचाईमुळे रविवारनंतर तलाव बंद. आतलं पाणी रस्त्याकडेच्या झाडांना जाणार.

स्वरदा सूचनेपुढे थबकली. शंतनू आता कुठे हात सोडून तरंगायच्या बेतात होता. आणि आपण? आपण तर अजून काहीच बोललो नाही. तलाव बंद झाला की इंद्रजीत कुठल्या गल्लीत राहतो, हेसुद्धा आपल्याला ठाऊक नसणार. रविवारी बोललं नाही, तर संपलंच सगळं.

शनिवारी आप्पासाहेबांनी भर घातली. "उद्या मी नाय हं. वैजापूरला नातवाचं बारसं."

पोरं कपडे बदलत होती. स्वरदा इंद्रजीतला गाठून म्हणाली, "उद्याचा शेवटचा दिवस. एकच दिवस नियम वाकवा ना... तुम्ही असताच की इथं."

"ड्युटीवरचा, मोठं माणूस म्हणून धरत नाय मॅडम. त्याला सगळा तलाव बघायचा असतो."

"माझ्यासाठीसुद्धा नाही?"

शब्द निसटला. मग तो पाण्याकडे बघत हळूच बोलायला लागला.

"मी शंतनूएवढा होतो. आमच्या विहिरीवर लग्नाची पाव्हणेमंडळी, माणसंच माणसं. मी पडलो. जो तो समजला, दुसरं कुणीतरी बघतंय. शेवटी आईनं केसाला धरून ओढलं... वाचलो. म्हणून मी बोट दाखवायला लावतो. तुमच्यासाठी नियम मोडला, अन् त्या लेकराला काय झालं, तर तुमाला तरी मी आवडंल का?"

स्वरदाला त्याचं म्हणणं पटलं, आणि पटलं म्हणूनच ती जास्त चिडली. "आवडायचा प्रश्न कुठून आला?" असं म्हणून ती पोरांना घेऊन तरातरा निघाली. रिक्षात बसल्यावर तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

रविवारी ती तिन्ही पोरं घेऊन आली; कंपनीची सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे हिमानीताई आणि तिचा नवरा दोघंही कामावर. कुणीतरी मोठं माणूस उसनं मिळेल, अशी वेडी आशा होती. पण काठावर इंद्रजीत नव्हताच! लाल टी-शर्ट घालून दुसराच उभा होता – कचरू, दुपारच्या पाळीचा.

"इंद्रजीत कुठंय?"

"सुट्टीवर हाय तो आज."

शेवटच्या दिवशी सुट्टी? कचरूनं पोरांवरून नजर फिरवली. "मॅडम, तुमची दोन झाली. तिसऱ्याचं मोठं माणूस कोण?"

"मी."

आवाज मागून आला. तिनं गर्रकन वळून पाहिलं. गळ्यात शिट्टी नाही, अंगात लाल टी-शर्ट नाही, हातात इतरांसारखं तिकीट. इंद्रजीत! शंतनूकडे बोट दाखवून त्यानं कचरूला ठणठणीत आवाजात सांगितलं, "याचं मोठं माणूस मी." आणि मग स्वरदाकडे बघितलं. सरळ, थेट तिच्या डोळ्यांत. "ड्युटीवरचा धरत नाय. म्हणून ड्युटी बदलून घेतली. कचरूला लई विनवलं."

स्वरदाचं काळीज असं उडालं की तिला पायरी दिसेना.

पाण्यात दोघं शेजारी शेजारी उभी राहिली. तिच्या दोन हातांत दोन पोरं, त्याच्या एका हातावर एक. कचरूची नजर पक्की होती, त्यामुळे दोघांनाही पोरांकडेच बघत बोलावं लागत होतं.

"काल राग आला?"

"आला. घरी जाऊन रडले."

"मला बी झोप नाय आली." त्यानं शंतनूची हनुवटी जरा वर उचलली. "आमच्या विहिरीला पाणी आलं की... तुमाला पोहायला शिकवीन म्हणतो."

"आणि नाही आलं तर?"

"तर मग... नुसतं चहाला या. आई लई दिवसांपासून म्हणती, कुणाला तरी आण."

स्वरदाला हसूही आलं आणि रडूही. तेवढ्यात त्यानं शंतनूच्या पोटाखालचा हात अलगद खाली घेतला. शंतनू तरंगत होता! एकटा, हातपाय पसरून, डोळे घट्ट मिटून. शाल्मलीनं आनंदानं किंकाळी फोडली. "मावशी, माझा हात सोड, मी काठाची दांडी धरते!"

स्वरदाचा एक हात मोकळा झाला. आता नाही तर कधीच नाही.

"इंद्रजीत, एक विचारू? तुम्ही सगळ्या तलावाकडे बघता. तुमच्याकडे कोण बघतं?"

"माझ्याकडं? कुणीच नाय."

तिनं ओला हात पाण्याबाहेर काढला आणि त्याच्याच नियमाप्रमाणे त्याच्याकडे बोट दाखवलं.

"याचं माणूस मी," ती म्हणाली. जरा मोठ्यानंच म्हणाली.

त्यानं ते बोट आपल्या मोकळ्या हातात धरलं. पोरं विसरून दोघं एकमेकांकडे बघत राहिली, आणि काठावरून कचरूची कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली.

"ओ मोठी माणसं! पोरांकडं बघा!"

दोघांनी झटकन माना वळवल्या. हात मात्र पाण्याखाली कुणीच सोडला नाही.