टोइवोंची टकटक

त्या रविवारी दुपारी आम्ही सासूबाईंकडे गेलो ते त्यांच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलायला. कॅनडातलं थंडर बे शहर सोडून तासाभरावर त्या एकट्या राहतात. लॅपटॉप सासऱ्यांचा, टोइवोंचा. त्यांना जाऊन दोन हिवाळे झाले होते. चालू व्हायला तो इतका वेळ घ्यायचा की तोवर कॉफी पिऊन व्हायची. वर आतून सारखी टकटक.

"राहू दे, गॉर्डन," सासूबाई म्हणाल्या. "मला कुठं घाई आहे?"

मी हसलो. असा आवाज म्हणजे डिस्क मरायला टेकल्याची खूण, असं शहाणपण शिकवलं. सगळं नव्या, आवाज न करणाऱ्या एसएसडी डिस्कवर उतरवून घेतलं, स्क्रू काढून जुनी डिस्क उचलली, नवी बसवली. बटण दाबताच स्क्रीन उजळला. आत अगदी शांत.

सासूबाईंनी लॅपटॉपला हात लावला नाही. कान देऊन बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आता ते बोलावतात ते मला कळणार कसं?"

माझ्या बायकोनं, किर्स्टीनं, दबक्या आवाजात सांगितलं. घशाच्या ऑपरेशननंतर बाबांची वाचा गेली. आईला बोलवायचं तर पलंगाच्या दांडीवर नखानं वाजवत. तीनदा, आणि थांबून एकदा. डिस्क तशीच वाजायची.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. मी ती डिस्क नाचवत विचारलं, "मग बाबांना कपाटात ठेवू, की कचऱ्यात?"

कोणी हसलं नाही. सासूबाईंची मान खाली गेली. चोरी त्यांचीच पकडली गेल्यासारखे त्यांचे कान लाल झाले. मला जीभ हासडून टाकावीशी वाटली.

आणि माझ्या तळहातावर, ना वायर ना वीज, डिस्क वाजली. टक, टक, टक... टक. खोलीत औषधाचा, आजारी अंथरुणाचा वास दाटला.

सासूबाईंनी ती माझ्या हातून काढून घेतली, मांडीवर ठेवली. "आले हं," त्या म्हणाल्या. "त्याचं मनावर घेऊ नका..."

मला माफीसुद्धा मागता आली नाही. कोट चढवला आणि निघालो.

वाटेत बर्फ भुरभुरत होतं. किर्स्टी गाडीतल्या आरशाकडे बघत पुटपुटली, "मागच्या सीटचा पट्टा... तू लावलास?"

मागे कोणी नव्हतं. पट्टा मात्र अडकवलेला होता, ताणलेला होता, आणि सावकाश वर-खाली होत होता. मागे वळून 'चुकलो' एवढंच म्हणायचं होतं. मान वळली नाही.

घर आलं. इंजिन बंद केलं, तरी आम्ही उतरलो नाही. तसेच समोर बघत बसलो.

थोड्या वेळानं मागे पट्ट्याचा खटका सुटला.