दूधभाऊ

त्या दिवशी दुपारी मी धार काढायला गोठ्यात उतरले. स्पेनच्या उत्तरेला, आमच्या पास नदीच्या खोऱ्यातल्या घरांत खाली गाई राहतात आणि वर माणसं. वरच्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली. आता फार दिवस नाहीत, हे दोघींनाही कळत होतं. तिला कोमट दूध हवं होतं. बाहेर धुकं इतकं दाट की दारापुढचं कुंपणही दिसेना.

दूध म्हटलं की माझा जुना राग वर येतो. स्पेनच्या राजांच्या राज्यावर म्हणे एके काळी सूर्य मावळत नसे. पण आपसांत लग्नं करकरून त्यांचं रक्त पातळ झालेलं, म्हणून पोरांना पाजायला दाया न्यायच्या त्या आमच्या डोंगरातून. मी तान्ही असताना राजवैद्यांनी माझी आई निवडली. माद्रिदच्या वाटेवर पान्हा आटू नये म्हणून ती कुत्र्याचं पिल्लू पाजत गेली. म्हणजे माझ्या वाटणीचं दूध आधी कुत्र्याला, मग राजपुत्राला, आणि मला मावशीची गाय! बाळराजे दात येता येता वारले. राजघराण्याच्या तळघरात, पांढऱ्या दगडाखाली त्यांना ठेवलं, आणि आई गळ्यात बक्षिसाची पोवळ्यांची माळ घालून घरी परतली. परतली खरी, पण जन्मभर बोलली ती त्यांच्याबद्दलच.

एकाएकी गाईने पान्हा चोरला. मान वर करून ती छताकडे बघत राहिली. वरून बारीक आवाज येत होता... खुळखुळ्याचा. आमच्या घरात खुळखुळा कधीच नव्हता. मग तो थांबला, आणि चुटूचुटू चोखल्याचा आवाज येऊ लागला. मी जिना चढले. जिन्यात संत्र्याच्या फुलांचा वास होता, आई बाळराजांच्या अंगाचा म्हणून सांगायची तोच, आणि त्याच्या आड बंद तळघराचा, ओल्या दगडाचा.

आई उशीला टेकून बसली होती. पोलक्याची बटणं सुटलेली, उजव्या हातावर शालीची झोळी. झोळी रिकामी होती, पण वजनाने खाली ओढली गेली होती.

"हळू ये... आत्ताच डोळा लागलाय."

"आई, अगं काय हे... बाळराजे कधीच गेले."

"मला सांगतेस होय? माझ्याच हातांवर गेला तो." ती झोळी हलवत राहिली. "तिथे फार गार आहे गं... आणि गेलेल्या पोराला कोण पाजणार?"

मला भीती वाटत होती, पण मत्सर त्याहून मोठा होता. "तो मेला तरी त्यालाच घेऊन बसलीस! आणि मी? मी कधी होते तुझ्या मांडीवर?"

आईने माझ्याकडे पाहिलं, कितीतरी वर्षांनी नीट पाहिलं.

"वेडे, त्याला मी उजवीच बाजू दिली. डावीला दूधच उतरत नाही, अशी थाप मारली वैद्यांना. रोज पहाटे डावीकडचं खिडकीबाहेर पिळायचे... आपल्या डोंगराकडे तोंड करून. ते तुझं होतं." तिने शालीचं दुसरं टोक उचललं. "ये, लुदिविना. तुझी जागा कुणाला दिली नाही मी."

मी केस पिकलेली बाई, पण गेले. तिच्या डाव्या कुशीत डोकं खुपसून हमसाहमशी रडले. पलीकडून माझ्या कपाळाला काहीतरी गार लागलं... इवलीशी बोटं असावीत. मी डोकं बाजूला घेतलं नाही. धुकं विरलं तेव्हा आई गेलेली होती, आणि तिचा हात माझ्या केसांत होता.

पोवळ्यांची माळ तिच्या गळ्यातच राहू दिली. आता कातरवेळी मी शाल पांघरून चुलीपाशी बसते, तेव्हा माझ्या उजव्या हातावर हळूच वजन येतं. मी हाकलत नाही. दूधभाऊ आहे माझा, आणि आईवेगळं पोर जाणार तरी कुठे?

मी लग्न केलं नाही, मला मूलबाळ नाही. तरी शाल बाजूला केली की रोज माझ्या पोलक्याची उजवी बाजू ओली असते.