यादीतला सातवा किनारा

साहेब, बद्रीनाथ म्हाताऱ्याला पाण्यानं मारलं नाही. तुमच्या यादीनं मारलं. ‘कोकणातले दहा देखणे किनारे’ ही यादी तुमच्या पर्यटन कार्यालयानं काढली. सातव्या किनाऱ्यापुढं ‘सुरक्षित, उथळ, आबालवृद्धांसाठी उत्तम’ हे शब्द तुमच्या सहीनं छापले गेले, आणि त्या किनाऱ्यावर तुम्ही एकदाही चपला काढून उभे राहिला नाहीत. किनाऱ्याचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही तेवढं नाव खोडाल आणि फाईल बंद कराल.

ज्या पोरीनं तुमच्यावर भरवसा ठेवून ती यादी सहलीच्या पत्रकात उतरवून घेतली, तिची आणि एका ड्रायव्हरची ही गोष्ट. प्रेमाचीच आहे. त्यात मयत आलं ते तुमच्यामुळं.

सुकेशनी मुकुंदवाडीची, वय चोवीस, बाप शेंद्र्याला कंपनीत. टीव्ही सेंटरजवळ अतुलभाऊंचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस होतं. तिथं ती फोन उचलायची, बुकिंग घ्यायची आणि सहलीची पत्रकं लिहायची. समुद्र तिनं बघितलेला नव्हता. जायकवाडीचं धरण हेच तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पाणी.

दिवाळी सरल्यानंतरची दुपार. काचेचं दार ढकलून एक उंच, उन्हानं रापलेला पोरगा आत आला. त्यानं खिशातनं रुमालाची पुरचुंडी काढली आणि तिच्या टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी सोडली. आत वाळू होती. काळीभोर.

“हे पत्रक कुणी लिव्हलं?” त्यानं विचारलं.

“मी. का?”

“तीन नंबरला पांढरीशुभ्र वाळू लिव्हलीय तुम्ही. ही बघा पांढरीशुभ्र. पब्लिक माझ्या अंगावर येतं की. म्हणतं, ड्रायव्हर, दुसरीकडंच आणलं तू आम्हाला.”

सुकेशनीनं बोटानं वाळू चाळली. ऊन लागल्यावर तिच्यात बारीक चमक उठली. “किती छान आहे ही... अशी असते?”

तो भांडायच्या तयारीनं आला होता. तो खुर्ची ओढून बसला. “तुम्ही गेलाच नाय का कधी?”

“नाही.”

“आन् लिहिताय?”

“तुम्ही तरी पाण्यात गेलात का?”

“मी... गाडी राखतो.”

दोघंही हसले. अंगद त्याचं नाव. फुलंब्रीकडचा, धनगराघरचा. बाप कारभारी अजून मेंढरामागं, पोरगं मात्र स्टिअरिंगमागं. त्या दिवसापासून प्रत्येक फेरीनंतर तो ऑफिसात यायचा, कारण नसताना. आणि सुकेशनी अतुलभाऊ जेवायला जायची वाट बघायची.

“आवाज कसा येतो त्याचा?” ती विचारायची.

“मेंढराचा कळप उठतो ना सकाळी, तसा. एकदम नाय. एका कडंनं उठत येतो.”

“आणि वास?”

“सुकटीचा. थोडा डिझेलचा... तो माझा असंल.”

“तुमचाच आहे. इथपर्यंत येतोय.”

तिच्या जुन्या पत्रकावर त्यानं पेननं दुरुस्त्या केल्या. आरे-वारेला गाडी वरच्या रस्त्यावर उभी करा, समुद्र वरनंच बघायचा. वेळासला कासवं बघायची तर पहाटं उठा, झोपणाऱ्याला नाय दिसत. भोगवे सगळ्यात चांगला, त्याच्यापुढं त्यानं आधी कारण लिहिलं, मग ते खोडलं. सुकेशनीनं कागद उजेडाला धरून वाचलं. ‘तिथं तुमची आठवण आली.’

“अंगद, इथं काय खोडलंय?”

“स्पेलिंग चुकलं होतं.”

“मराठीत कसलं स्पेलिंग?”

तो वर बघेना. कान तांबडे झाले होते त्याचे. ती बौद्धवाड्यातली, तो धनगराचा, याची आठवण दोघांनाही होती. पण त्या दुपारी कुणीच ती काढली नाही.

फेब्रुवारीत तो सातव्या किनाऱ्यावरनं परतला तो सरळ तिच्या टेबलाशी आला.

“तिथला एक कोळी म्हणला, खाडीपलीकडं माणसं सोडू नको. ओहोटीला खाडी घोट्याएवढी असती. लोक चालत पलीकडं जातात, वाळूच्या दांड्यावर. मग पाणी येतं. समोरनं नाय येत, पाठीमागनं येतं. खाडी भरती आन् परतायला वाटच उरत नाय. दोन गेलेत म्हणं मागं. बोर्ड नाय, पहारा नाय, काय नाय.”

सुकेशनीनं त्याच संध्याकाळी तुम्हाला अर्ज केला, साहेब. बोर्ड लावा, एवढंच मागितलं. अर्जाचा नंबर मिळाला. नंबराच्या पुढं काहीच मिळालं नाही.

तिनं पत्रकातही ते घालायला घेतलं. अतुलभाऊंनी तिच्या मागं उभं राहून वाचलं.

“अगं, मरणाचं लिहितेस तू. बुकिंग कोण करील? सरकार सुरक्षित म्हणतंय ना? मग तू कोण?”

तिनं ती ओळ काढली. तुमची परत घातली. हे मी लपवणार नाही, तीही लपवत नाही. काढली तिनं ती ओळ.

डिसेंबरात सातव्याची सहल निघाली. देवगाव रंगारीचे बद्रीनाथ आणि मालनबाई तिच्यात होते. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा, साठीची म्हातारी, पहिल्यांदाच समुद्राला निघालेले. अंगदनं सबंध रात्र गाडी हाकली. सकाळी किनाऱ्यावर सगळ्यांना उतरवून त्यानं बजावलं, “हिकडंच खेळा. खाडी वलांडू नका.”

बद्रीनाथांनी खिशातलं पत्रक उघडून दाखवलं. “ड्रायव्हरसाहेब, हे बघा की. उथळ, सुरक्षित. सरकारनंच लिव्हलंय.”

“सरकार लिव्हतं बाबा. पाणी येतं.”

“आता कुठलं येतंय? उतरलंय ते. आमच्या धरणाचं पाणी उतरलं की पुढल्या पावसापतूर तोंड दावत नाय.”

म्हातारा खोटं बोलत नव्हता. आयुष्यभर त्यानं पाणी जाताना बघितलं होतं. दिवसातनं दोनदा परत येणारं पाणी मराठवाड्यात कुणाच्या बापानं बघितलंय?

अंगदनं पुन्हा एकदा बजावलं आणि गाडीत आडवा झाला. त्याला झोपणं भाग होतं. परतीचा घाट त्यालाच चढवायचा होता.

तो उठला तो ओरडण्यानं. खाडी छातीएवढी झाली होती आणि मधोमध दोघं एकमेकांना धरून होती. विहिरीत पोहलेला पोरगा तो, तसाच घुसला. एका हातानं मालनबाईला धरलं, दुसऱ्यानं बद्रीनाथांना. वाटेत बद्रीनाथांचा हात सुटला.

दुसऱ्या दिवशी पेपरात तुमचं म्हणणं आलं. ‘पर्यटकांनी अतिउत्साह टाळावा.’ धोतर गुडघ्यापर्यंत खोचून बायकोचा हात धरून चालणारा म्हातारा, साहेब. हा त्याचा अतिउत्साह.

अंगदनं गाडीची किल्ली अतुलभाऊंच्या टेबलावर ठेवली आणि सुकेशनीकडं न बघता निघून गेला. फोन बंद. एक आठवडा, दोन, तीन. ती रोज फोन लावायची. तिला तो परत हवा होता, आणि त्याला तोंड दाखवायचीही भीती वाटत होती. ओळ तर तिनंच काढली होती.

जानेवारीत ती फुलंब्रीची एसटी धरून निघाली. वेचून झालेल्या कपाशीच्या रानात मेंढरं बसवलेली होती. अंगदची आई बानाबाई तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत होती. तिनं पोरीला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तूच का ती समुद्रवाली?”

सुकेशनीनं मान हलवली.

“बस. चहा घे. शेळीच्या दुधाचा चालतो का? ... तो त्या बांधाला हाय. जेवत नाय धड. तुझ्या जातीचं मला कळलंय, त्याचं मग बघू. आधी त्याला खायला लाव.”

अंगद बांधावर पाठ करून बसला होता. ती शेजारी बसली. 

“हात सुटला,” तो म्हणाला. “माझ्या हातात होता, सुकेशनी. निसटला... मासा निसटतो तसा.”

“ती ओळ मी लिहिली होती. पाणी पाठीमागून येतं, अशी. आणि भाऊ म्हणले म्हणून काढली.”

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. “तू काढली?”

“हौ.”

तो उठला, दहा पावलं लांब गेला. तिला वाटलं, संपलं. ती तिथंच बसून राहिली, ढेकूळ मुठीत चुरत. मग तो परत आला.

“मी झोपलो. तू खोडलं. आता काय करायचं दोघांनी? असंच बसायचं रानात?”

“बोर्ड लावू. कुणी लावत नाही ना... आपण लावू.”

पत्रा तिनं रंगवला, लाल ऑइलपेंटनं. एसटीच्या तीन गाड्या बदलत, पत्रा आणि लोखंडी अँगल मांडीवर घेऊन दोघं सातव्यावर पोचले. तिनं समुद्र पहिल्यांदा बघितला तो असा. वाऱ्यानं ओढणी तोंडावर येत होती, दोन्ही हातांनी अँगल धरलेला, आणि अंगद दगडानं ठोकत होता.

“थांबा. हे पाणी सहा तासांत परत येतं. पाठीमागून येतं.” पुढं एवढंच लिहिलं होतं, मागं तिचं नाव-पत्ता.

मग ते अलीकडं बसून राहिले. दुपारी खाडी भरायला लागली. आवाज नाही, लाट नाही. ओली वाळू नुसती चकाकायला लागली, आणि बघता बघता तिथं पाणी होतं. सुकेशनीला रडू फुटलं. अंगदनं तिचा हात धरला. इतका घट्ट की बांगडी रुतली.

“दुखतंय.”

“दुखू दे. ह्यो नाय सुटायचा.”

 तिनं डोकं त्याच्या खांद्याला लावलं.

“लगीन करशील माझ्याशी?” तो म्हणाला.

“विचारायची जागा आहे का ही?”

“दुसरी कुठं ठेवलीय लोकांनी आपल्याला?”

“... करीन. पण तुझ्या आईला तूच सांगायचं.”

“तिला म्हाईतय. ती फक्त जेव म्हणायलीय.”

मार्चमध्ये त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. बानाबाई आली. सुकेशनीचा बाप आला, कारभारी आला नाही. मालनबाई देवगाववरनं आली. दोघांच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि न जेवता गेली.

पण त्याआधी, बोर्ड लावल्यापासून आठव्या दिवशी, सुकेशनीच्या पत्त्यावर तुमची नोटीस आली होती. विनापरवाना फलक. किनाऱ्याचं विद्रूपीकरण. फलक काढून टाकण्यात आला आहे, सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

तिनं खुलासा पाठवला. एका पानाचा. फलक आम्ही दोघांनी लावला, पुन्हा लावू. खाली दोघांच्या सह्या.

आता तुमचा खुलासा, साहेब. तिचा अर्ज अकरा महिने पडून राहिला, तेव्हा त्या किनाऱ्यावर पाठवायला तुमच्याकडं माणूस नव्हता. बोर्ड उपटायला आठ दिवसांत माणूस मिळाला. त्या माणसानं पत्रा वाचला असणार, कारण नाव-पत्ता त्याच्या मागंच लिहिला होता. वाचून त्यानं तो काढला, आणि काढायला कुणीतरी सांगितलं होतं.

कुणी सांगितलं, त्याचं नाव द्या. आणि काढलेल्या बोर्डाच्या जागी आज काय उभं आहे, तेही लेखी द्या.