मातीखालचा मुकादम

“बाबांनी कधी मुंगीसुद्धा मारली नाही, आणि त्यांना फासावर चढवायला निघालेत!” चौकीदाराच्या मुलीला रडू आवरेना.

गुप्तहेरबाई कचरा डेपोचा डोंगर न्याहाळत होत्या. कडाक्याच्या थंडीत त्यातून वाफा निघत होत्या. उतारावर एक कुत्रं निवांत पसरलं होतं.

तिथंच काल सकाळी, कुत्र्यांनी उकरलेल्या मातीतून मुकादमाचा हात दिसला होता. प्रेत तपासलं होतं ते बाईंसोबत आलेल्या डॉक्टरांनीच.

“डोकं फुटलेलं, बरगड्या मोडलेल्या, पण अंग गरम,” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे खून पहाटेचा. तेव्हा आत चौकीदार एकटाच!”

डॉक्टरांच्या ठामपणावर कुणाकडेच औषध नव्हतं.

प्रेत काढलेल्या खड्ड्यापाशी बाई वाकल्या. बुलडोझरच्या पट्ट्यांचे ठसे एका काठाशी तुटून समोरच्या काठावरून सरळ पुढे गेले होते. तळाशी निळ्या पिंपाची कड दिसत होती.

“रसायनांची पिंपं तुमचीच ना?” त्यांनी कारखान्यांचा कचरा वाहणाऱ्या ठेकेदाराला विचारलं.

“माझी, पण मुकादम आत येऊ देत नव्हता. आमचं वाकडंच होतं. पण मी दोन दिवस परगावी होतो, विचारा कुणालाही.”

मग बुलडोझरवाला आला. “परवा संध्याकाळी कचरा दाबला, वर माती पसरली, घरी गेलो. मुकादमानं फाटकातून हात केला की मला!”

“नंतर बुलडोझर कुणी चालवला?”

“कोण चालवणार? किल्ली माझ्या खिशात.”

बाई वळल्या. “डॉक्टर, खड्ड्यात हात घाला.”

डॉक्टरांनी घातला आणि झटकन मागे घेतला. “बापरे! तापलंय की!”

“कचरा आत कुजतो, तापतो. त्या कुत्र्याला कळलं, तुम्हाला नाही. प्रेताला ऊब या डोंगराची होती. ठशांची ओळ प्रेतावरूनच गेली होती, बरगड्या त्यातच मोडल्या. म्हणजे संध्याकाळी माती पसरली तेव्हा मुकादम तिच्याखाली होता. मग फाटकातून हात कुणी केला हो?”

बाई बुलडोझरवाल्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“ठेकेदाराची पिंपं तू चोरून पुरत होतास. मुकादमानं पकडलं.”

“सगळी उकरून काढतो म्हणाला,” तो पुटपुटला. “हातात पहार होती...”

ठेकेदार हळूच मागे सरकू लागला. बाईंनी नुसतं बघितलं, तसा तो थांबला.

“बाबांना काय सांगू?” मुलीनं विचारलं.

डॉक्टरांना तिच्याकडे बघवेना. लाजेनं मान खाली गेली होती.

“तू नको,” ते म्हणाले. “कोठडीत माझ्या शब्दामुळे गेलेत ते. मीच जाऊन सांगतो.”